अटन आणि विहरण : एकट्याने बागेपर्यंत चालत जाण्याविषयी

मराठी धर्मजीवनात पायी चालण्याला जेवढे मोल आहे तेवढे फार थोड्या गोष्टींना असेल. परंतु हे चालणे बहुतेक वेळा सोबतीचे असते आणि त्याच्या टोकाला एखादे दैवत उभे असते. आषाढीची दिंडी, कुलदैवताची वारी, नवसाची पायपीट, यांत चालणाऱ्याला कोठे पोहोचायचे आहे हे ठाऊक असते आणि ते त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक असते. याउलट एखाद्याने सकाळी एकट्यानेच घराबाहेर पडावे, शहरातून चालत एखाद्या बागेपर्यंत जावे, दिवसाचा बराचसा भाग तेथे काढावा आणि दिवेलागणीच्या सुमाराला परतावे, या कृतीला धर्मशास्त्राने पुण्याच्या खात्यात जमा केलेले नाही आणि पापाच्या खात्यातही टाकलेले नाही. घरची माणसे तिला फार तर 'फिरणे' म्हणतात. अशा दिवसाला धार्मिक किंवा तात्त्विक अर्थ असू शकतो का, की ती निव्वळ करमणूक आहे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. भंडारा जिल्ह्यापुरता तो क्षुल्लक नाही, कारण एकट्याच्या चालण्याचा मराठीतला सर्वांत कठोर विचार ज्या पंथाने केला त्याच्या आरंभकाळाशी भंडारा गावाचे नाव जोडलेले आहे.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांनी पैठणला येऊन शिष्यपरिवार जमवण्यापूर्वी अनेक वर्षे एकट्याने भ्रमंती केली. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारून संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त या काळासाठी 'एकांक' नावाचा स्वतंत्र भाग आहे. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे त्यापुढचे दोन भाग. एकांकातले चक्रधर सालबर्डीच्या डोंगरात राहतात, झाडाखाली बसतात, शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळत आलेल्या सशाला आसरा देतात आणि कोणत्याही गावाचे होऊन राहत नाहीत. याच काळात त्यांना भेटलेला आणि घरदार सोडून त्यांच्या मागे निघालेला नीळभट हा भंडाऱ्याचा. पंथात त्याला 'भांडारेकार' याच नावाने ओळखतात. ज्याने गाव सोडले त्याचे नाव मात्र गावावरूनच पडावे, ही स्मृतीची जुनी खोड आहे.

चक्रधरांनी शिष्यांसाठी जो आचार सांगितला त्याच्या केंद्रस्थानी 'अटन' आहे. अटन म्हणजे केवळ प्रवास नव्हे. ज्यात पोहोचण्याचे ठिकाण ठरवलेले नाही, काही पाहण्याची हौस नाही, कोणाला भेटण्याचा हेतू नाही आणि उद्या कोठे असू याची योजनाही नाही असे चालणे. अटनाच्या जोडीला 'विजन', म्हणजे माणसांच्या वर्दळीपासून दूर, स्मरणासाठी निवडलेली जागा, आणि भिक्षा. साधकाने दिवसाचा वेळ विजनात काढावा, भिक्षेपुरते गावात यावे, घरे निवडून मागू नये, झोळीत पडेल ते गावाबाहेर नेऊन खावे आणि ओळख वाढू लागली की ते गाव सोडावे, असा त्याचा साधारण क्रम. जेथे आपली जात, घराणे, विद्या, इतकेच काय आपला संन्याससुद्धा कोणाच्या खिजगणतीत नाही, तेथे जाऊन राहण्याचा हा उपदेश आहे. संन्यासधर्मातला लहान गावी एक रात्र आणि नगरात पाच रात्री राहावे हा जुना नियम मुक्कामाची लांबी ठरवतो. चक्रधर त्यापुढे जाऊन चालणाऱ्याच्या मनातली 'माझी जागा' ही कल्पनाच उखडू पाहतात. मातापूर, म्हणजे आजचे माहूर, आणि कोल्हापूर या प्रसिद्ध क्षेत्रांना जाऊ नये असे त्यांनी बजावले, ते ही स्थाने 'साभिमान' आहेत म्हणून. तेथील देवता त्या जागेवर स्वामित्वाचा अभिमान धरून आहे, असा या शब्दाचा आशय. जी जागा येणाऱ्यावर हक्क सांगते ती अटनाला निषिद्ध, हे या उपदेशाचे मर्म मानता येईल.

या कसोटीवर बागेपर्यंतचा एक दिवस पहिल्याच पायरीला नापास होतो. त्याला ठिकाण आहे, हौस आहे आणि परतीची वेळसुद्धा आहे. तरीही लीळाचरित्रातच चालण्याचा दुसरा एक प्रकार सतत भेटतो, आणि तो या दिवसाच्या बराच जवळचा आहे. त्याचे नाव 'विहरण'. पैठण किंवा अन्य एखाद्या गावी मुक्काम असताना चक्रधर सकाळी बाहेर पडतात, गावाकडेचे एखादे देऊळ, नदीचा काठ किंवा झाडांची सावली गाठतात, तेथे बसतात, बोलतात आणि जेवणवेळेला बिऱ्हाडी परततात. कितीतरी लीळांचा आरंभच विहरणाला निघण्याने होतो, आणि पंथाचे बरेचसे तत्त्वज्ञान अशा बसण्याच्या जागी, शिष्याने सहज विचारलेल्या प्रश्नातून उलगडत जाते. अटनात परतणे नाही; विहरणात ते गृहीत आहे. मात्र विहरणाला बहुधा सोबत असते आणि अटन एकट्याचे असते. एकट्याने बागेत जाऊन संध्याकाळी घरी येणारा आजचा माणूस अटनाकडून एकटेपण घेतो आणि विहरणाकडून परतणे घेतो, आणि ही सरमिसळ दोन्ही परंपरांना थोडी अडचणीचीच वाटावी. संन्याशाला ती अर्धवट वाटेल आणि गृहस्थाला रिकामटेकडी.

गावाला लागून असलेल्या, पण गावात नसलेल्या जागेचे महत्त्व बौद्ध परंपरेने महानुभावांच्या बरेच आधी ओळखले होते. मगधाचा राजा बिंबिसार याने बुद्धाला वेळुवन दिले त्या प्रसंगी, विनयपिटकातील कथेप्रमाणे, त्याने मनाशी जागेची लक्षणे मांडली : ती वस्तीपासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी, लोकांना येण्याजाण्याला सोयीची असावी, दिवसा तेथे गर्दी नसावी आणि रात्री गोंगाट नसावा. भिक्षूंच्या निवासाला 'आराम' म्हणतात तो म्हणजे मुळात असे उपवनच होय, आणि अनाथपिंडिकाचे जेतवन हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. सुत्तनिपातातले खग्गविसाण सुत्त भिक्षूला गेंड्याच्या एकुलत्या शिंगासारखे एकट्याने फिरायला सांगते. पण वेळुवनाची कथा त्याच एकट्याला शहरापासून हाकेच्या अंतरावर ठेवते, कारण त्याची भिक्षा शहरात आहे आणि त्याचा उपदेश ऐकणारेही शहरात आहेत. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर आणि चांडकापूर भागात जे स्तूप उजेडात आले, त्यांच्या शिल्पांत बोधिवृक्षाची पूजा आहे आणि ज्ञानप्राप्तीनंतर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नागही आहे. हे स्तूप ख्रिस्तपूर्व शतकांतले, आणि पवनी ही तेव्हा वैनगंगेकाठची तटबंदीची, व्यापारी नगरी. झाडाखाली एकट्याने बसलेल्या पुरुषाची आठवण एका गजबजलेल्या नगरीने, दात्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरून, दगडात बांधून ठेवावी, यात विसंगती दिसली तरी ती वरवरची आहे. एकांताला नगर लागते, हेच त्यातून दिसते.

भंडारा शहर या विचाराला सोयीचे आहे, कारण त्याचा आकार चालण्याजोगा आहे. आगगाडीचे स्थानक येथून काही अंतरावर वरठीला असल्याने, बाहेरून येणाऱ्याला शहर एकदम अंगावर येत नाही. पितळी भांड्यांसाठी हे गाव फार पूर्वीपासून नावाजलेले. स्टीलने आणि प्लॅस्टिकने त्या धंद्याची बरीच रया घालवली, तरी बाजारातून जाताना एखाद्या दुकानापुढे एकात एक रचलेली गुंडे, घागरी आणि पराती अजून दिसतात, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात परातीच्या काठावर ठोक्यांचे बारीक खळगे मोजता येतील इतके स्पष्ट उमटतात. बाजार ओलांडून खांब तलावाकडे वळावे, किंवा मिस्कीन टँकच्या बागेची वाट धरावी. दोन्हीकडे मुळात पाणी आहे आणि हिरवळ नंतरची आहे. तलावांच्या या मुलखात ते स्वाभाविकच होय. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांनी येथली धानशेती पोसली, आणि लोकांनी एकत्र येऊन बसण्याची जागा म्हणजे तलावाची पाळ, ही सवय त्यातून रुजली.

येथे एक शंका उभी राहते. ज्या प्रदेशाला लोक 'झाडी' म्हणतात, ज्याची बोली झाडीबोली आणि ज्याचे नाटक झाडीपट्टीचे, ज्याच्या शहरापासून थोड्याच अंतरावर कोक्याचे अभयारण्य सुरू होते, तेथे कुंपण घातलेल्या, नगरपालिकेने राखलेल्या बागेची गरज काय? उत्तर असे की जंगल हे एकांताचे ठिकाण असले तरी ते उसंतीचे नाही. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला पहाटे निघालेला माणूस तेथे पोटासाठी जातो, आणि वाघाअस्वलाच्या भीतीने शक्यतो सोबत घेऊनच जातो. बागेत मात्र माणसाला कोणत्याही गोष्टीवर लक्ष ठेवावे लागत नाही. जंगलातला एकटा सावध असतो. बागेतल्या एकट्याला प्रथमच बेसावध होण्याची मुभा मिळते, आणि त्या बेसावधपणात त्याला स्वतःची गाठ पडते.

ही गाठ सुखाचीच असते असे नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेल्या आत्म्याची जी कथा आहे ती या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. तो प्रथम भ्याला. मग त्याने विचार केला की आपल्याखेरीज दुसरे काही नाहीच, तर भ्यायचे कोणाला? भय गेले, कारण भय नेहमी दुसऱ्यापासून येते. पण लगेच पुढे उपनिषद सांगते की त्याला करमेना, कारण एकट्याला रमता येत नाही, आणि म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. भाष्यकारांनी या स्थळी अविद्येची आणि द्वैताची पुष्कळ चर्चा केली आहे, आणि ती आपल्या जागी योग्यच आहे. परंतु कथेचा साधा अनुभव बाकावर तासभर एकटे बसलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. पहिली काही मिनिटे, आपण येथे एकटे का बसलो असे कोणी विचारील या संकोचात जातात. तो संकोच ओसरला की मोकळे वाटते, आणि मोकळे वाटून झाले की हात नकळत खिशातल्या मोबाइलकडे जातो. भय आणि कंटाळा यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यात टिकून राहणे हेच एकांताचे काम आहे. महानुभाव साधक ती पट्टी नामस्मरणाने धरून ठेवी. नामस्मरण नसलेल्या माणसाने ती कशाने धरावी, हा प्रश्न आधुनिक आहे आणि त्याला सर्वमान्य उत्तर सापडलेले नाही.

युरोपात या प्रश्नाला भिडणारे एक प्रसिद्ध पुस्तक म्हणजे रूसोचे एकाकी पदयात्रिकाच्या चिंतनांचे. आयुष्याच्या अखेरच्या दोनेक वर्षांत लिहिलेले, दहा फेरफटक्यांचे, शेवटचा फेरफटका अपुरा राहिलेले आणि मृत्यूनंतर 1782 मध्ये छापलेले हे पुस्तक चालण्याइतकेच वनस्पतींच्या निरीक्षणाने भरलेले आहे, आणि भय व कंटाळा यांमधली ती पट्टी रूसो फुलापानांनी धरतो असे म्हणता येईल. परंतु त्याचे एकटेपण तक्रारीतून आले आहे. जगाने आपल्याला वाळीत टाकले ही सल प्रत्येक फेरफटक्यात पुन्हा डोके वर काढते. चक्रधर ज्या अनोळखीपणाची शिकवण देतात तो रूसोला शिक्षेसारखा वाटतो. एकच स्थिती एकाला साधना आणि दुसऱ्याला अपमान वाटावी, याचे कारण स्वभावात शोधण्याआधी, ती स्थिती कोणी निवडली आणि कोणावर लादली गेली हे पाहणे योग्य ठरते.

या ठिकाणी चर्चेला वेगळे वळण घ्यावे लागते, कारण एकांत ही प्रत्येकाच्या हातातली गोष्ट आहे असे आध्यात्मिक ग्रंथ सर्रास गृहीत धरतात, आणि ते खरे नाही. शहरातून एकट्याने निवांत चालत जाणे म्हणजे वाटेतल्या शेकडो लोकांनी त्या माणसाला जाऊ देणे. भंडाऱ्यासारख्या गावात ओळखीचा कोणी भेटला की "कुठं चालले जी?" असा प्रश्न येतोच, आणि त्यातला 'जी' आपुलकीचा आणि आदराचा असतो; परंतु हाच प्रश्न 'जी' गाळून, वेगळ्या सुरात, पिढ्यान्पिढ्या अस्पृश्य मानलेल्या माणसांना विचारला जात आला आहे. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्याला रस्त्यावर अनोळखी राहण्याची सोयच नव्हती. त्याची ओळख त्याच्या आधी पुढे चालत असे. तळ्याचे पाणी सर्वांचे असावे यासाठी 1927 मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. 1950 च्या संविधानाने 15 व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांच्या वापरापासून अडवता येणार नाही असे ठरवले. घरापासून बागेपर्यंतचा अख्खा मार्ग या यादीत बसतो. त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे होते आणि पराभूत झाले. त्यानंतर अडीच वर्षे होण्याच्या आतच, शेजारच्या नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अनुच्छेद 15 हा सहसा समतेचा म्हणून शिकवला जातो. तो एकांताचाही आहे, आणि विजनाच्या कोणत्याही आधुनिक चर्चेत त्याला स्थान असले पाहिजे.

म्हणून प्रस्तुत विवेचनाचा मुख्य दावा असा की एकांत ही व्यक्तीने मिळवलेली सिद्धी असण्यापूर्वी समाजाने तिला दिलेली गोष्ट असते. महानुभावांच्या आचारात ही जाणीव रोज दुपारी ताजी होई. विजनात बसणारा साधक कितीही निःसंग असला तरी त्याला झोळी घेऊन गावात यावे लागे आणि कोण्या अनोळखी बाईने उंबऱ्यातून वाढलेल्या अन्नावर त्याचा एकांत उभा राही. बागेत बसलेल्या माणसाला ही जाणीव होत नाही, कारण त्याचा डबा घरून आलेला असतो. पण बाग झाडून ठेवणारी सफाई कामगार स्त्री सकाळी त्याच्याआधी येऊन गेलेली असते. तिला त्याच बाकावर दिवसभर नुसते बसून राहता येईल का, असे विचारले की प्रश्नाची खरी बाजू उघडी पडते. संविधानाच्या यादीत लिंगाचा उल्लेख असला तरी, एखादी स्त्री एकटीच, काही कारण नसताना, हातात पिशवी किंवा कडेवर मूल नसताना दिवसभर बागेत बसली तर तिला कोणी अडवणार नाही, पण पाहणारे पुष्कळ असतील. आणि नजरेला कायद्याची अडकाठी नसते. लीळाचरित्रात महदाइसा, बाइसा, आउसा यांच्यासारख्या स्त्रिया चक्रधरांसमवेत चालतात, प्रश्न विचारतात आणि विटाळाच्या कल्पनेवर त्यांचे परखड उत्तर ऐकतात. ते उत्तर तेराव्या शतकातले आहे. ते ध्यानात घेतले तर एकट्या स्त्रीच्या फिरण्याबद्दलची आजची कुजबुज जुन्या संस्कृतीच्या नावाने खपवता येत नाही.

याच परंपरेचा पुढचा इतिहास मात्र या दाव्याला थोडा छेद देतो. ज्याने कोणत्याही जागेला आपले मानू नये असे सांगितले, तो कोठे कोठे बसला, उभा राहिला, जेवला याची नोंद अनुयायांनी 'स्थानपोथी'त गावोगाव, दिशा आणि अंतर देऊन करून ठेवली. त्या जागी ओटे बांधले गेले आणि स्थानवंदन हा पंथाचा मोठा आचार झाला. ठिकाण नसलेल्या चालण्यातून शेकडो ठिकाणे निर्माण झाली. यावर हसणे सोपे आहे, पण योग्य नाही. माणसाला निराकार मोकळेपण पेलत नाही, त्याला टेकायला ओटा लागतो, आणि नगरपालिकेचा बाक हासुद्धा एका अर्थी ओटाच आहे. फरक एवढाच की बाकावर आदल्या दिवशी कोण बसले होते याची पोथी कोणी ठेवत नाही. साभिमान नसलेली जागा आजच्या शहरात शोधायची झाली तर ती अशा बाकावर सापडण्याचा संभव देवळापेक्षा अधिक आहे, असे म्हटल्यास चक्रधरांच्या उपदेशाशी फारशी प्रतारणा होऊ नये.

उरतो प्रश्न परतण्याचा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचे जे वर्णन आहे त्यात वृक्षांची दाटी, निर्मळ पाणी आणि पाखरांचा आवाज आहे, आणि एक सूक्ष्म निरीक्षणही आहे : ही जागा अशी असावी की सहज वाटेने जाणारा, मनात वासना असलेला माणूससुद्धा अवचित तेथे आला तर माघारी फिरणे विसरून जाईल. ज्ञानेश्वरांनी येथे अधिकारी साधकाची अट घातलेली नाही. वाटसरू सकाम असला तरी चालतो, काम जागेचे आहे. ही भूमिका चक्रधरांच्या उलट टोकाची दिसते, कारण ज्या जागेची ओढ लागावी ती चक्रधरांच्या मते सोडावी. बागेत गेलेला गृहस्थ या दोघांच्या मध्ये कोठेतरी बसतो. जागेने त्याला विसर पाडावा हे त्याला हवे असते, आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजेपर्यंतच पाडावा हेही हवे असते. घर न सोडता एकटे होता यावे अशी ही मागणी आहे. संन्यासाच्या मोजमापाने ती लबाडीची ठरेल. परंतु नोकरी, शेती, आजारी आईवडील आणि शाळेत जाणारी मुले असणाऱ्या माणसाने दुसरी कोणती मागणी करावी, हे त्या मोजमापाने कधी सांगितलेले नाही. आणि नीळभटाने भंडारा सोडले तेव्हा घराची व्यवस्था कोणाच्या अंगावर पडली असेल, याचा विचार चरित्रकारांनी करायचा नसतो, तो गृहस्थालाच करावा लागतो.